ऐकत नाहीं, कीं ऐकूं येत नाहीं?

मराठी घरांत लहान मुलाला सर्वांत अधिक वेळां होणारी आज्ञा कोणती, असें विचारलें तर 'ऐक' हेंच उत्तर येईल; आणि त्याच्यावर सर्वांत अधिक वेळां येणारा ठपका कोणता, असें विचारलें तर 'ऐकत नाहीं' हा. आई तसें म्हणते, आजी तसें म्हणते, आणि शाळेंतील गुरुजी प्रगतिपुस्तकावर तोच शेरा लिहून सही करतात. 'ऐकणें' हें क्रियापद मराठींत मोठें सोयीचें आहे. आवाज कानीं पडणें हें ऐकणें, कानीं पडलेल्या आवाजाकडे लक्ष देणें हेंही ऐकणें, आणि सांगितलेलें मुकाट्यानें करणें हेंही ऐकणेंच. मोठ्या माणसांच्या बोलण्यांत हे तीन अर्थ प्रसंगावरून सहज निराळे होतात. मुलाची गोष्ट निघाली म्हणजे मात्र ते एकमेकांत मिसळतात. मग ज्याच्या कानीं शब्दच पडला नाहीं तो मुलगा आज्ञा मोडणारा ठरतो, आणि जें कानाचें दुखणें असतें त्याला स्वभावाचें नांव मिळतें.

लहान मुलांना श्रवणेंद्रियाची ओळख करून द्यावयाची ती ही गांठ सोडविण्यासाठीं. हा पाठ नीट दिला तर त्यांतून दोन कामें एकदम होतात. मुलाला आपल्या कानाचें नवल कळतें. आणि कोणत्या मुलाचा कान उणा आहे, हें शिक्षकाला व पालकाला कळतें. पहिलें काम आनंदाचें आहे, दुसरें निकडीचें. पांच ज्ञानेंद्रियांची नांवें पाठ करून घेतल्यानें व कानाची आकृति फळ्यावर काढल्यानें यांपैकीं एकही काम होत नाहीं.

पाठाचा आरंभ शांततेनें करावा. इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनीं १९०७ सालीं रोम येथें आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्यांच्या पद्धतींत शांततेचा एक खेळ आहे. मुलांनीं हातपाय न हलवितां निश्चल बसावयाचें. घड्याळाची टिकटिक आणि बाहेरच्या चिमणीचा चिवचिवाट स्पष्ट ऐकूं येऊं लागला, कीं शिक्षिका शेजारच्या खोलींतून अगदीं कुजबुजत्या आवाजांत एकेकाचें नांव घेते. ज्याचें नांव घेतलें तो पाऊल न वाजवितां तिच्याकडे जातो. आपल्या इकडे बालशिक्षणाची ही दृष्टि गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं रुजविली. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढें १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं काम सुरू झालें, तेव्हां ताराबाई व अनुताई वाघ यांनीं महाग साधनांच्या जागीं गांवांत सांपडणाऱ्या वस्तू वापरून दाखविल्या. शांततेच्या खेळाला तर तेवढेंही साधन लागत नाहीं. या खेळांत एखादें मूल नांव घेतलें तरी जागचें हलत नाहीं. त्याला हसूं नये, रागावूंही नये. शिक्षकानें त्याचें नांव मनांत टिपून ठेवावें.

शांत बसल्यावर काय काय ऐकूं येतें, हा पुढचा भाग. त्यासाठीं हिंगोली जिल्ह्यांतील एखादी शाळा डोळ्यांपुढें आणावी. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हा पांच तालुक्यांचा जिल्हा मुख्यतः शेतीचा आहे. कयाधू नदीच्या कांठच्या गांवीं डोळे मिटून बसलेल्या मुलाला बैलाच्या गळ्यांतील घुंगरमाळ ऐकूं येईल, विहिरीवरच्या पंपाची घरघर ऐकूं येईल, पिठाची गिरणी, लिंबावरचा कावळा, हमरस्त्यानें जाणारी एस. टी., कोणाच्या तरी घरीं भाकरी थापल्याचा आवाज, असें एकामागून एक निघत जाईल. शहरांतील मुलाला कुकरची शिटी, लिफ्टचें दार आणि गळका नळ सांपडेल. प्रत्येकानें आपले आवाज सांगावे. मग त्यांची वांटणी करावी. जवळचा कोणता, लांबचा कोणता? उंच कोणता, खर्जांतला कोणता? सतत चालणारा कोणता, थांबून थांबून येणारा कोणता? मोजतां मोजतां बोटें पुरत नाहींत, आणि 'येथें कांहींच आवाज नव्हता' असें म्हणणारें मूल आपल्याच कानांवर चकित होतें.

त्यानंतर डब्यांचा खेळ घ्यावा. एकाच आकाराच्या दहा डब्या घ्याव्या, आणि दोन दोन डब्यांत ज्वारी, तूर, मूग, चिंचोके व वाळू सारख्या मापानें भरून झांकणें घट्ट लावावीं. मुलानें डब्या हलवून केवळ आवाजावरून जोड्या जुळवावयाच्या. ज्वारी आणि मूग यांची चूक बहुतेक मुलांची होते. ती चूक दुरुस्त करतांनाच कान तयार होतो.

कानानें पारख करणें ही केवळ पोरांची करमणूक नव्हे, हें गांवच्या बाजारांत दाखवितां येतें. मडकें विकत घेणारी बाई तें बोटाच्या पेरानें वाजवून पाहते. अखंड मडकें खणखणतें. डोळ्याला न दिसणारा तडा असेल तर आवाज बद्द येतो. हळदीची गोष्ट याहून गमतीची आहे. वसमत आणि हिंगोली हा हळदीचा मुलूख. वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. शेतांतून काढलेली हळद शिजवितात आणि उन्हांत दहा-पंधरा दिवस वाळवितात. ती पुरी वाळली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं हळकुंड मोडतात. धातूसारखा कणखर आवाज आला म्हणजे वाळली. मऊ, मुका आवाज आला तर आंत ओल आहे. एक वाळलेलें आणि एक ओलें हळकुंड मुलांसमोर मोडून दाखविलें, तर आवाज वस्तूच्या आंतली बातमी बाहेर आणतो, ही गोष्ट कोणत्याही व्याख्येवांचून समजते.

आतां आवाज म्हणजे काय, या प्रश्नाकडे मुलें आपण होऊन येतात. येथेंही सांगण्यापेक्षां स्पर्शानें दाखवावें. गळ्यावर बोटें ठेवून 'म' हें अक्षर लांबवावयास सांगावें. बोटांना थरथर लागते. घंटेवर टोला देऊन तिला हळूच हात लावावा. थरथर थांबते, आणि त्याच क्षणीं आवाजही थांबतो. वाडग्याच्या तोंडावर फुग्याचें रबर ताणून बसवावें, त्यावर मोहरीचे दाणे टाकावे, आणि जवळ ताट वाजवावें. दाणे नाचूं लागतात. ताटानें रबराला शिवलेंही नाहीं, मग दाणे कोणी हलविले? हवेनें. वस्तु थरथरते, ती शेजारची हवा ढकलते, ती हवा पुढची हवा ढकलते, आणि असा तो धक्का पसरत जातो. त्याचा वेग सेकंदाला सुमारें ३४० मीटर. वळवाच्या पावसांत वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. दर तीन सेकंदांस वीज सुमारें एक किलोमीटर दूर, हा हिशेब दुसरीचें मूलही आनंदानें करतें, आणि त्याची भीति पुष्कळशी ओसरते.

कानाची रचना सांगतांना आवाजाच्या मागोमाग आंत शिरावें. बाहेर दिसतो तो कान म्हणजे केवळ दार. त्यापुढें सुमारें अडीच सेंटिमीटर लांबीची बोळकंडी, आणि तिच्या शेवटीं कानाचा पडदा. वाडग्यावरच्या रबरासारखाच तो थरथरतो. पडद्याच्या मागें हवेची लहानशी पोकळी असून तींत तीन हाडें एकमेकांस जोडून बसविलेलीं आहेत. त्यांचे आकार पाहून हातोडा, ऐरण व रिकीब अशीं नांवें त्यांना मिळालीं. रिकीब सुमारें ३ मिलिमीटरांची, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून मोठी नाहीं. मानवी शरीरांतील सर्वांत लहान हाड तेंच. पडदा हातोड्याला हलवितो, हातोडा ऐरणीला, ऐरण रिकिबीला, आणि रिकीब पुढच्या दाराला धक्का देते. तें दार गोगलगाईच्या शंखासारख्या, सुमारें अडीच वळणांच्या, द्रवानें भरलेल्या नळीचें. तिच्यांत पंधरा हजारांच्या आसपास सूक्ष्म केसाळ पेशी रांगेनें उभ्या आहेत. वाऱ्यानें ज्वारीचें उभें पीक लवावें तसे त्यांचे केस लवतात; त्या लवण्यांतून विजेसारखा संदेश निघतो, आणि तो मज्जातंतूनें मेंदूकडे जातो. तेथें गेल्यावर तो घुंगरू होतो, कावळा होतो, किंवा आईची हाक होते.

या शंखांत एक व्यवस्था आहे. उंच स्वर दाराजवळच्या पेशी टिपतात, खर्जांतले स्वर आंतल्या शेवटच्या वळणांतल्या. माणसाच्या निरोगी कानाला सेकंदाला सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. वय वाढतें तसतसा वरचा आंकडा उतरत जातो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या पेशी एकदां मेल्या म्हणजे माणसाच्या कानांत पुन्हां उगवत नाहींत. कोंबडीच्या कानांत उगवतात, माणसाच्या नाहीं. जन्मतः मिळालेली ही पुंजी जन्मभर पुरवावयाची असते.

मुलांच्या मनांत यानंतर एक प्रश्न उभा करावा. भिंतीपलीकडचा माणूस दिसत नाहीं, मग त्याची हाक कशी ऐकूं येते? याचें उत्तर हिंगोली जिल्ह्यांत एका प्रसिद्ध कथेच्या आधारानें देतां येतें. या जिल्ह्यांतील नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें, आणि औंढा नागनाथ येथें ज्योतिर्लिंगाचें प्राचीन मंदिर आहे. नामदेव मंदिरासमोर कीर्तनास उभे राहिले असतां पुजाऱ्यांनीं त्यांना तेथून जावयास सांगितलें. ते देवळाच्या मागें जाऊन गाऊं लागले, तेव्हां देऊळच फिरून त्यांच्या समोर आलें, अशी ती आख्यायिका. नंदी मंदिराच्या मागील बाजूस आहे याचें कारण लोक हेंच सांगतात. कथा भक्तीची आहे आणि ती भक्तीच्या ठिकाणीं राहूं द्यावी. मुलांना मात्र एवढें विचारावें: देऊळ फिरण्यापूर्वीं, मागच्या बाजूचें गाणें पुढच्या बाजूस उभ्या असलेल्यांना ऐकूं आलें असेल काय? मुलें म्हणतात, येईल. आणि तें बरोबर आहे. आवाजाच्या लाटा लांब असतात. पुरुषाच्या बोलण्यांतील खालचे स्वर दोन-तीन मीटर लांबीचे. अशी लाट भिंतीच्या कडेवरून वळून पलीकडे उतरते. प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. ती भिंतीच्या कडेनें अशी वळत नाहीं. म्हणून डोळ्याला जें अडतें तें कानाला अडत नाहीं. अंधारांत, झोंपेंत, पाठीमागें पहारा करावयाचा तो कानानेंच.

पहारेकऱ्याला आवाज कोठून आला हेंही कळलें पाहिजे. बैल मान न वळवितां नुसता कान वळवितो. माणसाला तें साधत नाहीं. माणसाचें काम दोन कानांवर चालतें. आंधळी कोशिंबीर खेळतांना उजवीकडून टाळी वाजली, तर ती उजव्या कानाला किंचित् आधीं व किंचित् मोठी ऐकूं येते, आणि डाव्याला किंचित् उशिरा. हा उशीर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तरी मेंदू तो ओळखतो आणि बाजू सांगतो. एका कानांत बोट घालून तोच खेळ खेळावयास लावावा. धीट मुलगाही गोंधळून भलतीकडे हात पसरतो. एका कानानें कमी ऐकणाऱ्या मुलाची दशा रोज अशीच असते: हाक ऐकूं येते, पण ती कोणीकडून आली हें कळत नाहीं.

औंढ्याच्या परिसरांतच या दोन कानांच्या युक्तीचें एक प्रचंड उदाहरण उभारावयाचें आहे, हें तेथील मुलांना अवश्य सांगावें. लायगो-इंडिया या प्रयोगशाळेस भारत सरकारनें फेब्रुवारी २०१६ मध्यें तत्त्वतः व एप्रिल २०२३ मध्यें पूर्ण मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २,६०० कोटी रुपयांचा, आणि जागा औंढा नागनाथजवळची. काटकोनांत बसविलेल्या, प्रत्येकीं ४ किलोमीटर लांब अशा दोन निर्वात नळ्यांतून लेसर प्रकाश फिरवून आकाशांतून येणाऱ्या गुरुत्वलहरी तेथें टिपावयाच्या आहेत. अशा दोन प्रयोगशाळा अमेरिकेंत सुमारें ३,००० किलोमीटर अंतरावर आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं, सुमारें १३० कोटी प्रकाशवर्षें दूर असलेल्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर प्रथमच टिपली गेली. ती लुइझियानांतील यंत्राला आधीं लागली, आणि वॉशिंग्टन राज्यांतील यंत्राला सुमारें ७ सहस्रांश सेकंदांनीं नंतर. या उशिरावरून ती आकाशाच्या कोणत्या अंगानें आली याचा अंदाज बांधला गेला. ही लहर म्हणजे ध्वनि नव्हे. ती हवेवांचून, प्रकाशाच्या वेगानें येते. परंतु तिचीं कंपनें सेकंदाला कांहीं डझन ते कांहीं शें, म्हणजे माणसाच्या कानाच्या टप्प्यांतलीं होतीं. म्हणून शास्त्रज्ञांना त्यांचें ध्वनींत रूपांतर करून ऐकवितां आलें. दोन यंत्रांनीं आकाशाचा फार मोठा पट्टा मोकळा राहतो. इटलींतील तिसऱ्या यंत्रानें तो पुष्कळ आटोपला, आणि पृथ्वीच्या या बाजूला हिंगोलींत आणखी एक झालें म्हणजे दिशा अधिक नेमकी कळेल. इतक्या दुरून आलेल्या लहरीची दिशा ज्या युक्तीनें कळते, तीच युक्ति आंधळ्या कोशिंबिरींतलें मूल वापरतें, हें ऐकून त्या मुलाला स्वतःच्या दोन कानांविषयीं निराळाच आदर वाटूं लागतो.

हें सर्व नवल सांगून झाल्यावर, शांततेच्या खेळांत जागचें न हललेल्या मुलाकडे वळावयास हवें. त्याच्या मागें एक हाताच्या अंतरावर उभें राहून, त्याचा एक कान बोटानें झांकून, दुसऱ्या कानाशीं कुजबुजत्या आवाजांत 'पाणी', 'सात', 'साखर' असे साधे शब्द बोलावे व तें काय ऐकतें हें पाहावें. मग दुसऱ्या कानाचें तसेंच करावें. ही वैद्यकीय तपासणी नव्हे, पण तपासणीस न्यावयाचें कीं नाहीं हें ठरविण्यापुरती ती उपयोगी आहे. दुसऱ्या खुणा रोजच्या वागण्यांत असतात. मूल प्रत्येक वाक्यास 'काय?' म्हणतें, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावतें, एकच कान पुढें करतें, दूरदर्शनचा आवाज वाढवितें, शुद्धलेखनांत 'स', 'त', 'फ' अशीं हलकीं अक्षरें चुकवितें किंवा गाळतें, समोरून सांगितलेलें करतें आणि पाठीमागून सांगितलेलें करीत नाहीं. या शेवटच्या खुणेलाच पुष्कळ घरांत लबाडी म्हणतात.

याहून लहान मुलांच्या बाबतींत वाट पाहण्यांत नुकसान आहे. तान्हें मूल मोठ्या आवाजानें दचकतें. सहा महिन्यांचें मूल आवाजाकडे मान वळवितें. वर्षाच्या सुमारास तें आपल्या नांवाला ओळख देतें आणि एखाददुसरा शब्द बोलतें. तसें होत नसेल तर 'याचे काकाही उशिराच बोलले' या समाधानावर बसूं नये. मूल ऐकून बोलावयास शिकतें. ऐकण्याचे पहिले महिने गेले म्हणजे भाषेचा पाया घालण्याचे दिवस गेले. म्हणूनच जन्मानंतर पहिल्या महिन्यांत कान तपासावा, तिसऱ्यापर्यंत निदान व्हावें, आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू व्हावा, असा संकेत तज्ज्ञांनीं ठरविला आहे. तान्ह्या मुलाला कांहीं सांगतां येत नसलें तरी त्याचा कान यंत्रानें झोंपेंतही तपासतां येतो.

शाळकरी मुलांत फार वेळां आढळणारें कारण अगदीं साधें असतें. कान व घसा यांना जोडणारी एक नळी आहे. मुलांत ती आंखूड व आडवी असल्यामुळें सर्दी-पडशाचा संसर्ग सहज मधल्या कानापर्यंत पोंचतो. पडद्यामागें हवेच्या जागीं पाणी सांचतें, आणि तीन हाडांची हालचाल मंदावते. असें मूल एका आठवड्यांत नीट ऐकतें, दुसऱ्यांत ऐकत नाहीं, आणि म्हणूनच त्याच्यावर ढोंगाचा आळ सर्वांत लवकर येतो. कान फुटून वाहूं लागला तर 'मोठेपणीं आपोआप बरा होईल' म्हणून तो तसाच ठेवणें हें कायमच्या बहिरेपणाला आमंत्रण आहे. गोंवर, गालगुंड व मेंदूज्वर यांनींही कान जातो. गरोदरपणीं आईला झालेल्या रुबेलानें बाळाचा जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें बालपणांतील श्रवणदोषांपैकीं सुमारें ६० टक्के टाळतां येण्याजोगे असतात. लस वेळेवर टोंचणें आणि वाहता कान वेळेवर दाखविणें, एवढ्यानेंही त्यांतील मोठा वांटा टळतो.

दाखवावयाचें कोठें, हा प्रश्न आतां पूर्वीइतका अवघड राहिलेला नाहीं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्यें महाराष्ट्रांत पालघर येथेंच सुरू झाला. त्याच्या योजनेप्रमाणें वैद्यकीय पथकांनीं अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व सरकारी शाळेंत एकदां जावयाचें असतें, आणि तपासावयाच्या दोषांत श्रवणदोष आहे. पथक येईल तेव्हां टिपून ठेवलेलें नांव शिक्षकानें पुढें करावें. पालकानें त्यापूर्वींच जिल्हा रुग्णालयाची वाट धरावी. मुंबईस वांद्रे येथें १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठीं आहे. जुन्या हैदराबाद संस्थानांत वाढलेले आणि पुढें महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले अली यावर जंग यांचें नांव तिला दिलेलें आहे.

कानाची निगा हा मुलांच्या पाठाचा शेवटचा भाग; पण तो मोठ्यांनींही शेजारीं बसून ऐकावा. काडी, पिन, किल्ली कानांत घालूं नये. मळ हा कानाचा राखणदार असून तो बहुधा आपण होऊन बाहेर येतो. कान दुखला म्हणजे कढत तेल ओतण्याची चाल घरोघरीं आहे. पडद्याला भोंक असल्यास तें तेल थेट आंत जातें. कानशिलांत मारणें तर सर्वस्वीं वर्ज्य समजावें. चापटीनें कोंडलेल्या हवेचा धक्का पडदा फाडूं शकतो, आणि 'ऐकत नाहीं' म्हणून दिलेली शिक्षा ऐकण्याचें साधनच मोडून टाकते. शाळेंत शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें बंदी आहे. घराला तो कायदा लागू नसला तरी कान तोच आहे.

गोंगाटाचेंही तसेंच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वरातींतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढें ही मर्यादा पार मागें पडते, आणि त्याच भिंतीपुढें खांद्यावर घेतलेलें मूल असतें. त्यानें कानांवर हात ठेवले तर त्याला भित्रें म्हणूं नये. आपल्या पेशींची पुंजी राखण्याची बुद्धि त्याला आहे, म्हणून त्याला घेऊन दूर व्हावें. कानांत घालावयाच्या मोबाइलच्या गोळ्यांचा आवाज, शेजारीं बसलेल्याचें बोलणें ऐकूं येईल इतकाच असावा.

तपासणीनंतर एखाद्या मुलाला श्रवणयंत्र लागेल, एखाद्याला शस्त्रक्रिया, आणि एखाद्याला कोणताच उपाय पुरेसा पडणार नाहीं. त्या शेवटच्या मुलाला हा पाठ देतां येत नाहीं असें समजूं नये. मोहरीचे दाणे त्यालाही नाचतांना दिसतात. घंटेची थरथर त्याच्याही बोटांना लागते, आणि कित्येकदां इतरांपेक्षां अधिक बारकाईनें लागते. खुणांची भाषा ही पुरी भाषा आहे, आणि ती वर्गांतील सर्व मुलांनीं थोडी थोडी शिकली तर तिचा त्यांनाही खेळाइतकाच आनंद होतो. अशा मुलाला पुढच्या बांकावर, उजेडाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या शिक्षकासमोर बसवावें. शिक्षकानें फळ्याकडे तोंड करून बोलूं नये. एवढ्या फरकानेंही 'मठ्ठ' म्हणून गणलेलें मूल उत्तरें देऊं लागतें.

म्हणून प्रगतिपुस्तकावर 'ऐकत नाहीं' असें लिहिण्यापूर्वीं शिक्षकानें, आणि तेंच वाक्य उच्चारण्यापूर्वीं आईबापांनीं, मुलाच्या पाठीमागें एक हाताच्या अंतरावर उभें राहून त्याचें नांव एकदां हळूच घ्यावें. त्यानें वळून पाहिलें तर हट्टाचा विचार पुढें करतां येईल. त्यानें वळून पाहिलें नाहीं, तर शेरा लिहावयाची घाई नाहीं. त्याला दवाखान्यांत न्यावयाची घाई आहे.